आनंदाचा जमाखर्च मांडणाऱ्या एका वाचक भगिनीस

आदरणीय ताई,

माझे वय 46 आहे आणि गेली 21 वर्षे मी लेखा विभागात नोकरी करते. सहा महिन्यांपूर्वी आमच्या कार्यालयात मानसिक आरोग्याविषयी एक कार्यशाळा झाली. दिवसभरात आपल्याला आनंद देणाऱ्या तीन छोट्या गोष्टी रोज रात्री वहीत लिहाव्यात, असे तेथे सांगण्यात आले. पहिला महिना छान गेला. नंतर त्याच त्या गोष्टी पुन्हा येऊ लागल्या आणि आता तर दिवसा काही बरे घडले की ‘हे वहीत लिहिण्याजोगे आहे का’ हाच विचार आधी मनात येतो. एका मैत्रिणीच्या वहीत प्रवास, बक्षिसे, मुलांचे यश असे काय काय असते. माझ्या वहीत ‘बस वेळेवर मिळाली’. गेल्या रविवारी माझे पती टेबलफॅन उघडून दुरुस्त करत बसले होते आणि तासभर शीळ घालत होते. रात्री मी त्यांना विचारले, ‘आज तुम्हाला कशाने आनंद झाला?’ त्यांना एकही गोष्ट सांगता आली नाही आणि मला रडू आले. त्याच दुपारी शेजारच्या घरात चाललेले ड्रिल एकदम थांबले, तेव्हा आम्ही दोघे एकमेकांकडे पाहून हसलो होतो. पण आवाज थांबणे हा काही आनंद नव्हे, म्हणून मी ते लिहिले नाही. आनंदी होण्याची क्षमताच माझ्यात कमी आहे का? वही चालू ठेवू की नको?

– वहीला कंटाळलेली

प्रिय भगिनी,

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, म्हणून ते आधी देते: आज रात्रीपासून वही बंद करा. पहिल्या प्रश्नाला मात्र थोडा वेळ लागेल.

सर्वप्रथम एक खुलासा करून घेऊ. पूर्वी ज्या गोष्टींत मन रमत असे त्यांत ते मुळीच रमेनासे होणे, या अवस्थेला वैद्यकशास्त्रात ‘अ‍ॅनहेडोनिया’ म्हणतात. हा शब्द फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो यांनी 1896 मध्ये वापरात आणला. नैराश्याच्या आजाराचे ते एक प्रमुख लक्षण आहे. अशी स्थिती दोन आठवडे वा अधिक काळ, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बराचसा भाग टिकून राहिली, तसेच झोप, भूक किंवा कामातील लक्ष बिघडले, तर सल्ला स्तंभाला पत्र न लिहिता डॉक्टरांकडे जावे. थायरॉइडच्या किंवा बी-12 जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही मन असे मलूल होऊ शकते आणि ते रक्ततपासणीत कळते. तुमच्या पत्रावरून मला तशी शंका येत नाही, कारण ड्रिल थांबल्यावर तुम्ही हसलात. तरीही वर सांगितलेल्यापैकी काही जाणवत असेल, तर या उत्तराचा पुढचा भाग नंतर वाचला तरी चालेल.

आता वहीकडे वळू. कार्यशाळेत सांगितलेला उपाय निराधार नव्हता, परंतु त्याची मात्रा चुकली. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी आणि त्यांची कारणे लिहिण्याचा जो प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात सहभागी व्यक्तींना हे काम फक्त एक आठवडा करायला सांगितले होते. काहींनी ते पुढेही आपल्या आवडीने चालू ठेवले आणि त्यांना त्याचा फायदाही झाला. पण ‘आपल्या आवडीने’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात तर असे दिसले की, आठवड्यातून एकदा अशी उजळणी करणाऱ्यांचे समाधान वाढले आणि आठवड्यातून तीनदा करणाऱ्यांचे वाढले नाही. तुम्ही ते आठवड्यातून सात वेळा, सहा महिने केलेत. चुकलेल्या दिवसाची रुखरुख लागून तुम्ही ती पाने दुसऱ्या दिवशी भरूनही काढली असतील, असा मला दाट संशय आहे; 21 वर्षे लेखा विभागात काढलेल्या व्यक्तीकडून दुसरे काय अपेक्षित करावे!

नुकसान नुसत्या लिहिण्याने झाले नाही. रात्रीची नोंद हळूहळू दिवसात शिरली आणि घडत असलेल्या गोष्टीवर तुम्ही घडतानाच शेरा मारू लागलात, हे खरे नुकसान आहे. जोनाथन स्कूलर, डॅन अ‍ॅरिएली आणि जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांना वाद्यसंगीत ऐकवले होते. ते ऐकताना आनंदी होण्याचा प्रयत्न करा, असे ज्यांना सांगितले होते, त्यांची मनःस्थिती नुसते ऐकणाऱ्यांपेक्षा वाईट झाली. आपल्याला किती आनंद होत आहे याचे क्षणोक्षणी मोजमाप करण्याचाही तोटाच झाला. झोप लागली की नाही हे तपासण्यासाठी डोळे उघडून पाहणाऱ्या माणसासारखे हे आहे.

परंतु मला सर्वांत जास्त बोलायचे आहे ते त्या ड्रिलविषयी. संपूर्ण पत्रात तुम्ही ज्या एका प्रसंगी हसलात, तोच नेमका तुम्ही आनंदाच्या यादीतून बाद केलात. का? कारण त्यात हातात काही पडले नाही, मनासारखे काही मिळाले नाही, केवळ एक त्रास संपला. रोजच्या आयुष्यातील लहान सुखे थोडी बारकाईने पाहा, म्हणजे त्यांतील कितीतरी याच जातीची असल्याचे दिसेल. दिवसभर चावणारा बूट संध्याकाळी पायातून काढणे, जिभेवर असूनही आठवत नसलेले नाव तिसऱ्याच कामात असताना एकदम आठवणे, हात पोहोचत नाही अशा जागची खाज दुसऱ्या कोणी अचूक खाजवणे, हरवली म्हणून घरभर शोधलेली किल्ली आपल्याच दुसऱ्या खिशात सापडणे, उकाड्याच्या रात्री उशी उलटून तिच्या थंड बाजूवर गाल टेकणे. या सुखांना आधी एक छोटासा जाच लागतो, आणि जाच ठरवून आणता येत नाही. म्हणून असे सुख रोज रात्री नियमाने हजर होईल, अशी अपेक्षाच करता येत नाही.

दुसरी एक जात आहे ती अचूक बसण्याची. अंधारात किल्ली पहिल्याच प्रयत्नात कुलपात शिरते, कापून ठेवलेला कागद पुस्तकाला तंतोतंत पुरतो, जिन्याची शेवटची पायरी उतरताना फोनवरचे बोलणेही संपते. यांत मिरवण्यासारखे काहीच नसते आणि ते कोणाला सांगू गेले तर ऐकणारा आपल्याकडे विचित्र नजरेने पाहतो. मी एकदा किल्लीचे सांगून पाहिले आहे. तरीही त्या क्षणापुरते जग आपल्या बाजूने आहे असे वाटते. तुमची वेळेवर मिळालेली बस याच जातीतली आहे, तेव्हा तिच्याविषयी एवढे ओशाळण्याचे कारण नाही.

पुनरावृत्तीने या गोष्टी फिक्या का पडतात, यालाही एक शारीरिक कारण आहे. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, मेंदूतील डोपामाइन हे संदेशवाहक रसायन स्रवणाऱ्या पेशी अनपेक्षितपणे मिळालेल्या बक्षिसाला जोरदार प्रतिसाद देतात. तेच बक्षीस पूर्वसूचनेनंतर ठरल्याप्रमाणे मिळू लागले की प्रतिसाद त्या सूचनेपाशी सरकतो आणि प्रत्यक्ष बक्षिसापाशी जवळजवळ उरत नाही. माणसाचा आनंद केवळ या पेशींवर अवलंबून नसतो, हे खरे. तरीही रोज रात्री दहा वाजता ज्याची वसुली होणार हे ठाऊक आहे, अशा सुखात नवलाई कोठून राहणार? पहिला महिना छान गेला तो त्यामुळेच. तेव्हा तुम्हाला शोधण्याचे काम नवे होते.

मैत्रिणीच्या वहीविषयी थोडेच लिहिते, कारण दुसऱ्याची वही वाचायला मिळणे हाच मुळात त्या उपक्रमाचा मोठा दोष आहे. फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी 1978 मध्ये लॉटरीची मोठी बक्षिसे जिंकलेल्या 22 जणांची इतर लोकांशी तुलना केली होती. मित्राशी बोलणे, विनोद ऐकणे, मासिक वाचणे अशा साध्या गोष्टींतून मिळणारे सुख त्या विजेत्यांनी इतरांपेक्षा कमी सांगितले. अभ्यास लहान होता, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण मैत्रिणीची बक्षिसे पाहून स्वतःच्या बसला कमी लेखण्याआधी तो आठवायला हरकत नाही.

आता तुमच्या यजमानांविषयी. त्यांना उत्तर देता आले नाही म्हणून तुम्ही रडलात, असे तुम्ही लिहिले आहे. मला वाटते, तुम्ही रडलात ते त्यांनी वहीशिवाय तो तास जगून दाखवला म्हणून. सुटलेला स्क्रू, पात्यावरची धूळ, नेमक्या जागी बसत नसलेली जाळी, यांत त्यांचे सगळे लक्ष गुंतले होते आणि आनंदाकडे पाहायला तेथे दुसरा माणूस शिल्लकच नव्हता. मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी 2010 मध्ये 2,250 लोकांच्या नोंदींवरून दाखवले होते की, लोकांचे मन सुमारे 47 टक्के वेळा हातातील कामापासून दूर भटकत असते आणि भटकणाऱ्या मनाची माणसे तुलनेने कमी सुखी असतात. पंखा उघडून बसलेल्या माणसाचे मन पंख्यातच होते, एवढाच त्याचा अर्थ. त्याला रात्री ‘कशाने आनंद झाला’ असे विचारले तर तो गोंधळणारच. ‘पंख्याला काय झाले होते?’ असे विचारून पाहा, आणि मग त्यांचे उत्तर लवकर संपण्याची अपेक्षा ठेवू नका.

तुम्हाला लिहिण्याची सवय आहे आणि ती मोडावी असे मला वाटत नाही, म्हणून एक वेगळा उपाय सुचवते. आठवड्यातून एकदा, तेही आठवले तर, एका सुट्या कागदावर त्या दिवसाची साधी हकीकत लिहा: शेवटचे बोलणे कोणाशी आणि कशावर झाले, कोणते गाणे डोक्यात घोळत होते, टेबलावर काय पडले होते, कोण कशावरून चिडले. आनंद, समाधान, कृतज्ञता हे शब्द त्यात येऊ देऊ नका. कागद पाकिटात घालून त्यावर तारीख टाका, पाकीट बंद करा आणि तीन महिने उघडू नका. टिंग झांग आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांकडून अशाच सामान्य नोंदी करून घेतल्या होत्या. तीन महिन्यांनी त्या पुन्हा वाचताना आपल्याला जेवढे कुतूहल वाटेल असा त्यांचा अंदाज होता, त्याहून प्रत्यक्षात ते बरेच जास्त वाटले. आज ज्याला आपण ‘यात काय लिहायचे’ म्हणतो, त्याचे मोल ठरवायला आपण आज फारसे लायक नसतो, असा मी त्याचा अर्थ लावते. मूल्यमापनाचे काम तीन महिन्यांनंतरच्या तुमच्यावर सोपवा. ती बाई तुमच्यापेक्षा उदार निघण्याची शक्यता आहे.

जुनी वहीही फाडू नका. तीसुद्धा एका पाकिटात घाला. ‘बस वेळेवर मिळाली’ या ओळीत त्या दिवशीचा पाऊस, हातातील जड पिशवी, बसचे दार उघडल्यावर सुटलेला नि:श्वास, हे सारे तुम्हाला पुन्हा दिसेल.

एक तास असाही ठेवा की ज्याचा उपयोग कोणत्याही नोंदीला होणार नाही. काय करावे हे मी सांगणार नाही. हाताला काम असेल आणि ते तुम्हाला येत असेल किंवा जवळजवळ येत असेल, एवढे पुरे आहे. त्या वेळी शीळ आली तर येऊ द्या, न आली तर तिची वाट पाहू नका.

शेजारचे ड्रिल अजून चालू असेल, तर ते साधारण कोणत्या वेळी थांबते आणि त्या वेळी तुम्ही दोघे कोठे असता, हे मला पुढच्या पत्रात कळवा. पंखा दुरुस्त झाला की नाही, तेही लिहा.

तुमची,
ताई