वस्तीचा विकास मोजायचा कसा?

प्रश्न : सोलापूरच्या पूर्व भागात विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या एका वस्तीत आमचे विद्यार्थी २०० घरांची पाहणी करणार आहेत. वस्तीचा मानव विकास निर्देशांक काढता येईल का? उत्पन्न विचारलं की लोक गप्प बसतात, त्याचं काय करावं?
– एक प्राध्यापिका, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : त्या निर्देशांकाचा नाद सोडा. पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकाराने १९९० साली तो आला, तोच देशादेशांची तुलना करायला. त्यात शिक्षण आणि उत्पन्नासोबत सरासरी आयुर्मानही लागतं. २०० घरांत माणसं असणार हजारभर, वर्षाला मृत्यू पाच-दहा. एखाद्या साली दोन जास्त झाले की आकडा भलतीकडे जातो.

तुमच्या कामाचा आहे बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक. त्यात उत्पन्न विचारावंच लागत नाही. निकष १०. कुपोषण, बालमृत्यू, घरात कुणाचंच सहा वर्षं शिक्षण नसणं आणि शाळेच्या वयाचं मूल शाळेबाहेर असणं, या चारांना प्रत्येकी १/६ भार. इंधन, संडास, पाणी, वीज, घर आणि चीजवस्तू यांना प्रत्येकी १/१८. ज्या निकषांत घर कमी पडतं (म्हणजे वंचित ठरतं), त्यांच्या भारांची बेरीज १/३ किंवा त्याहून जास्त भरली की ते घर गरीब.

एका घरात सहावी झालेलं कुणी नाही, स्वयंपाक चुलीवर, संडास शेजाऱ्यांच्यात सामाईक : ३/१८ + १/१८ + १/१८ = ५/१८. सीमारेषा ६/१८, म्हणजे हे घर सुटलं. जमीन शेणामातीची निघाली की तेच घर गरिबांत.

पुढची चूक हमखास होते. मोजायची ती माणसं, घरं नव्हेत. नाहीतर दोघांचं घर आणि नऊ जणांचं घर एकाच मापात येतं. समजा १००० पैकी २४० माणसं गरीब घरांतली, म्हणजे ०.२४. त्या २४० जणांच्या वंचिततेची, म्हणजे त्यांच्या घरांच्या वरच्या बेरजेची, सरासरी ०.४५. गुणाकार ०.१०८, हाच तुमचा निर्देशांक.

‘गॅस आहे का?’ असं विचारू नका. शेगडी फळीवर आणि सिलिंडर महिनोन् महिने रिकामा असला तरी उत्तर ‘हो’च येतं. ‘बहुतेक दिवस स्वयंपाक कशावर होतो?’ असं विचारा. कुपोषण नजरेने ठरवू नका. वजनकाटा आणि उंचीची पट्टी सोबत न्या. प्रौढांसाठी बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) १८.५ च्या खाली ही खूण.

पाण्याचा निकष मात्र सोलापुरात फसवा आहे. सुरक्षित पाणी आणायला जाऊन-येऊन ३० मिनिटं किंवा जास्त लागली तर वंचित. घरात नळ असला की घर पास, मग तो कितीही दिवसांआड येवो आणि मोरीभर पिंपं भरून ठेवावी लागोत. ‘पाणी किती दिवसांआड, किती वेळ’ असा रकाना जरूर ठेवा, पण बेरजेत मिसळू नका. बाहेरच्या आकड्यांशी तुलना जाईल.

नीती आयोगाच्या याच निर्देशांकाच्या जिल्हावार आकड्यांशी ताडून पाहायचं असेल, तर मातृ आरोग्य आणि बँक खातं धरून १२ निकष घ्यावे लागतील. तिथे भारही बदलतात : बालमृत्यू आणि मातृ आरोग्याला प्रत्येकी १/१२, राहणीमानाच्या सातांना प्रत्येकी १/२१. पहिल्या घरात जाण्याआधीच कोणता संच ते ठरवा.