पांढरीत निघालेली जोड मडकी

प्रश्न : घोड नदीकाठच्या आमच्या शेतात पांढरीचं (जुन्या वस्तीच्या मातीचं) टेकाड आहे. मळ्यात टाकायला माती काढताना दोन फुटांवर, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली दोन मडकी निघाली. एक फुटलंय, आत बारीक हाडं आहेत. गावात म्हणतात, धन असेल. कळवलं तर शेत सरकारजमा होईल का?
– एक शेतकरी

उत्तर : धन नव्हे, बहुधा लहान मुलाचं दफन. ताम्रपाषाण काळात (तांब्याची आणि दगडाची हत्यारं वापरत तेव्हा) मूल गेलं की असं दोन मडक्यांत ठेवून घरातच जमिनीखाली पुरत. तुमच्याच नदीवरच्या इनामगावला (इ.स.पू. सुमारे १६०० ते ७००) पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या उत्खननात अशी बरीच दफनं मिळाली. म्हणजे मडक्यांच्या वर घराची जमीन असणार. खड्ड्याच्या उभ्या कडेत पाहा : चोपलेल्या मातीचा घट्ट पट्टा, राख, मेढींची (खांबांची) भोकं. कुडाच्या काड्यांचे ठसे असलेलं भाजकं ढेकूळ दिसलं, तर ते भिंतीचं लिंपण. घर जळताना भाजलं म्हणूनच टिकलं.

मडकी उपसू नका. कोणत्या थरात होती, यावरून काळ ठरतो. उपसली की तो पुरावाच जातो. हाडं धुऊ नका, डिंक लावू नका, उन्हातही ठेवू नका. भरभर सुकली की तडकतात. शेजारी फूटपट्टी ठेवून फोटो घ्या, उत्तर दिशा आणि वरून खोली लिहून ठेवा. मग सुती कापड घालून तीच माती चाळून हाताने भरा. प्लास्टिक नको, त्याखाली ओल कोंडते.

आणि माती नेणं आजच थांबवा. पांढर म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण आणि पडलेल्या भिंती. खताला चांगली, म्हणूनच कितीतरी टेकाडं ट्रॉलीतून गेली, आणि ती परत मिळत नाहीत.

तहसीलदारांना लेखी कळवून पोच घ्या, प्रत राज्य पुरातत्त्व संचालनालयाला पाठवा. नुसतं कळवल्याने सातबारा बदलत नाही. प्राचीन स्मारकांच्या १९५८च्या केंद्रीय कायद्यात जागा संरक्षित करण्याआधी दोन महिन्यांची नोटीस निघते, हरकत घेता येते. घोषणेनंतरही एक फुटापर्यंतची मशागत चालते. बांधकामाचे निर्बंध मात्र कडक : संरक्षित जागेच्या हद्दीपासून १०० मीटर मनाई, पुढचे २०० मीटर परवानगीने. अधिकारी पाहणी करेपर्यंत टेकाडावर कुळवाची पाळी पुरे. पलटी नांगर, शेततळं, ठिबकची चारी तिथे नको.