लिलावातली वरकड रक्कम मिळवून देण्याचा धंदा : नोकरी सोडावी का?

प्रश्न : आम्ही टेक्ससमध्ये प्लेनोला राहतो. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, माझ्याकडे एच-४चं ईएडी, म्हणजे त्याच्या व्हिसावर आधारलेला काम करायचा परवाना आहे. मी एका दातांच्या दवाखान्यात हिशेबाचं काम करते, हातात महिना २,६०० डॉलर येतात. नवऱ्याचे ६,९०० येतात. घराच्या हप्त्यासकट खर्च ८,४०० आणि बँकेत शिल्लक ३१,०००. मालमत्ता कर थकला म्हणून काउंटी (इथलं जिल्ह्याचं सरकार) घराचा लिलाव करते, त्यात कर वजा जाऊन उरलेली रक्कम मूळ मालकाला मिळवून द्यायची आणि ३० टक्के आपण ठेवायचे, असं शिकवणारा ७,००० डॉलरचा कोर्स आहे. हॉटेलातल्या सेमिनारमध्ये ५०० भरून जागा धरली. नोकरी सोडून हे पूर्णवेळ करू का?

उत्तर : नोकरी सोडू नका, आणि उरलेले ६,५०० भरू नका. या कामात तुम्हाला खरोखर रस असेल तर त्यात शिरायचा दुसरा रस्ता आहे, त्याकडे शेवटी येते.

आधी एक मान्य करू : हा पैसा खरा आहे. घरावर दहा-पंधरा हजारांचा कर थकलेला असतो, लिलावात बोली चाळीस-पन्नास हजारांवर जाते आणि मधली रक्कम सरकारी खात्यात पडून राहते. काही राज्यांत तर काउंटी ती सरळ स्वतःकडे ठेवत असे. मिनियापोलिसच्या जेराल्डीन टायलर या वृद्ध बाईंच्या फ्लॅटवर व्याज आणि दंड धरून सुमारे १५,००० डॉलर थकले होते. हेनेपिन काउंटीने तो ४०,००० ला विकला आणि वरचे २५,००० ठेवून घेतले. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हे घटनाबाह्य ठरवलं. टायलरबाई तेव्हा ९४ वर्षांच्या होत्या. सेमिनारमध्ये ही गोष्ट तुम्हाला नक्की ऐकवली असेल, आणि ती खरीच आहे. पण त्या निकालाने हक्क मालकाच्या पदरात टाकला. मधल्या माणसाने किती घ्यायचे, किंवा घ्यायचे की नाही, हे ज्या त्या राज्याचा कायदा ठरवतो.

आणि तुम्ही राहता टेक्ससमध्ये. तिथल्या टॅक्स कोडचं कलम ३४.०४ कोर्सवाल्यांनी दाखवलं का? त्यानुसार ही वरकड रक्कम मिळवून देण्याबद्दल वकिलाला जास्तीत जास्त २५ टक्के किंवा १,००० डॉलर, यांपैकी जे कमी असेल तेवढीच फी घेता येते. जो वकील नाही त्याला फी घेताच येत नाही. तुमच्या ३० टक्क्यांच्या हिशेबाने ४०,००० वरकड असलेल्या एका केसमागे १२,००० सुटणार होते. टेक्ससमध्ये वकिलालाही त्यात १,००० च मिळतील आणि तुम्हाला शून्य.

तिथे मालक अंधारात असतो असंही नाही. वरकड रक्कम २५ डॉलरच्या वर असली की कोर्टाचा क्लार्क जुन्या मालकाला सर्टिफाइड टपालाने कळवतो आणि विक्रीपासून दोन वर्षांच्या आत कोर्टात अर्ज करून ती मागता येते. म्हणजे 'दडलेला पैसा शोधून काढणं' हे जे कौशल्य ७,००० ला विकलं जातंय, त्यातलं निम्मं काम क्लार्कच्या पाकिटाने आधीच केलेलं असतं. उरतो तो पत्ता बदललेला माणूस, किंवा वारलेल्या मालकाचे वारस.

कुणी तुम्हाला म्हणेल, फी नको, हक्कच विकत घ्या. कायद्याने तेही बांधून टाकलंय : दावा आपल्या नावावर करून घ्यायचा तर मालकाला त्याच्या किमान ८० टक्के पैसे मोजावे लागतात. ४०,००० साठी ३२,०००. तुमची सगळी शिल्लक घातली तरी हजार कमी पडतात, आणि वर कोर्टाने दुसऱ्या कुणाचा बोजा पुढे मानला तर घातलेले पैसेही अडकले.

ही बोज्याची गोष्ट सेमिनारमध्ये घाईत उरकतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. आपल्याकडे सातबाऱ्यावर सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असतो तसाच इथेही घरावर असतो : गृहकर्ज, कोर्टाचा हुकूमनामा, आयआरएस या केंद्रीय करखात्याची थकबाकी. वरकड रकमेच्या रांगेत हे सगळे मालकाच्या पुढे उभे असतात. वरकड रकमांच्या यादीत '४०,०००' दिसतात, पण मालकाच्या हातात किती पडतील हे त्या यादीवरून कळत नाही. गृहकर्ज असलेल्या घराचा कर बहुधा बँकच एस्क्रोमधून, म्हणजे हप्त्याबरोबर जमा करून घेतलेल्या रकमेतून, भरते, त्यामुळे करापायी लिलावात जाणाऱ्या घरांत कर्ज फिटलेल्या म्हाताऱ्यांची आणि वारसांनी वाटणी न केलेली घरं बरीच. अशा घरात सहा वारस तीन राज्यांत पसरलेले असतात, एक भाऊ सही करत नाही, एकाचं निधन झालेलं असतं. प्रत्येक सहीमागे नोटरी, वारसाची कागदपत्रं आणि बऱ्याचदा प्रोबेट, म्हणजे वारसाहक्क कोर्टातून ठरवून घेणं. यातलं कोर्टातलं काम परवान्याशिवाय तुम्ही केलंत तर तो विनापरवाना वकिलीचा गुन्हा होऊ शकतो.

'मग दुसऱ्या राज्यांचं काम घरबसल्या करीन,' असं तुमच्या मनात आलं असेल. करता येईल, पण प्रत्येक राज्य म्हणजे नवा अभ्यास. कॅलिफोर्नियात खरेदीदाराच्या डीडची (खरेदीखताची) नोंद झाल्यापासून एक वर्षात दावा करायचा असतो, आणि हक्क लिहून घेताना मालकाला सांगावं लागतं की हे पैसे तुम्ही स्वतःही मागू शकता. मिशिगनमध्ये ३१ मार्चला घर जप्त झालं की त्याच वर्षीच्या १ जुलैपर्यंत नोटरी केलेला फॉर्म ५७४३ द्यावा लागतो. लिलाव सहसा त्यानंतर होतात. म्हणजे लिलावाचा आकडा बघून धावत जाणारा तिथे आधीच उशिरा पोचलेला असतो.

आता घरचा हिशेब. आज तुमच्याकडे महिना १,१०० उरतात. नोकरी सोडली तर दर महिन्याला १,५०० चा खड्डा पडेल. कोर्सचे ६,५०० भरून ३१,००० चे २४,५०० राहतात. वर्षभराचा खड्डा १८,००० चा. पत्ते शोधायच्या सेवा, टपाल, नोटरी यांना महिना ४०० धरले तर आणखी ४,८००. वर्षाअखेर एकही केस सुटली नाही तर हाती १,७०० डॉलर. आणि पहिल्या वर्षी केस न सुटणं यात नवल काहीच नाही, कारण फी मिळते ती पैसे सुटल्यावर. जी सुटेल तिच्यावर आयकराशिवाय स्वयंरोजगाराचा १५.३ टक्के कर वेगळा, तोही दर तिमाहीला आगाऊ.

तुमच्या बाबतीत मला याहून मोठी काळजी व्हिसाची वाटते. एच-४च्या ईएडीवर स्वतःचा धंदा करायला मनाई नाही, तो अडथळा नाही. पण तुमचं ईएडी नवऱ्याच्या एच-१बीवर आणि मंजूर आय-१४०वर, म्हणजे कंपनीने त्यांच्या ग्रीन कार्डासाठी केलेल्या अर्जावर, टांगलेलं आहे. त्यांची नोकरी गेली तर नवी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस. त्या दोन महिन्यांत, आणि परत जायची वेळ आली तर सामान हलवायला, घर विकेपर्यंत हप्ते भरायला, बँकेत रोख लागते. आजची शिल्लक पावणेचार महिन्यांच्या खर्चाला सुद्धा जेमतेम पुरते. एच-१बीवरच्या कुटुंबाला मी सहा महिन्यांच्या खाली उतरू देत नाही, म्हणजे तुमच्यासाठी ५०,४००. सध्याच्या बचतीने तिथे पोचायला दीडेक वर्ष लागेल.

आता तो दुसरा रस्ता. या धंद्यात पगार देण्याजोगं कौशल्य एकच आहे : मालकी हक्काची साखळी वाचणं आणि कुणाचा बोजा आधी, कुणाचा नंतर हे ठरवणं. त्यासाठी मालकी हक्क तपासणाऱ्या टायटल कंपन्या आणि मालमत्तेची कामं करणारे वकील माणसं ठेवतात. टेक्ससमध्ये पॅरालीगल (वकिलाचा मदतनीस) व्हायला राज्याचा परवाना लागत नाही आणि तुमच्याच काउंटीतल्या कॉलिन कॉलेजमध्ये तो अभ्यासक्रम आहे. हिशेबाच्या कामाची सवय असलेल्या बाईला हे वाचन जड जाणार नाही. आधी फुकटात चव घेऊन बघा : टेक्ससमध्ये करापोटीचे लिलाव महिन्याच्या पहिल्या मंगळवारी होतात. एखाद्या विक्रीची कोर्टातली फाइल उघडा, निकालातली थकबाकी, आलेली बोली आणि मागे उभे असलेले बोजे एका कागदावर मांडा. दहा फाइली झाल्यावरही कंटाळा आला नाही तर नोकरी चालू ठेवून संध्याकाळचा वर्ग घ्या.

राहिले ते ५०० डॉलर. हॉटेलसारख्या तात्पुरत्या जागी झालेली विक्री तीन कामकाजी दिवसांत रद्द करता येते. ती मुदत बहुधा टळली असेल. तरी आजच ईमेलने, फोनवर नाही, रद्द केल्याचं कळवा आणि पैसे परत मागा. 'महिन्याला दोन केसेस' असं कमाईचं आश्वासन दिलं असेल तर त्याचा पुरावाही त्याच ईमेलमध्ये मागा. फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहक-संरक्षण बघणाऱ्या केंद्रीय खात्याचा व्यवसाय-संधीबाबतचा नियम ज्यांना लागू होतो, त्यांना पैसे घेण्याच्या किमान सात दिवस आधी खुलाशाचा कागद द्यावा लागतो. तो तुम्हाला मिळाला होता का, हेही लिहा. पैसे क्रेडिट कार्डाने भरले असतील आणि उत्तर आलं नाही, तर कार्ड कंपनीकडे तक्रार टाका. त्यांच्याकडून 'फक्त आज अर्ध्या किमतीत' असा फोन येईल, तो घेऊ नका.