बेल बंद, दिवा चालू

रोजच्या बारीकसारीक कटकटींवर कोणी घरच्या घरी काय युक्ती काढली, असं तुम्ही विचारलंय. आमच्या घरची सगळ्यात मोठी कटकट दाराची बेल होती.

आम्ही भांडुपला राहतो. मिस्टरांची रात्रपाळी. सकाळी आठला येतात, नऊला झोपतात, आणि दहापासून बेल सुरू. कुरिअर, वाणसामान, इस्त्रीवाला, मधेच शेजारच्यांचं पार्सल. 'बेल वाजवू नये' अशी पाटी लावून बघितली. पण दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चार मजले चढून आलेला पोरगा पाटी कधी वाचणार? त्याला अजून दहा घरं करायची असतात, त्याच्यावर राग काढून उपयोग नव्हता. इकडे हे दचकून उठायचे आणि परत डोळा लागायचा नाही. रात्रपाळीवाल्याची झोप मोडली की काय होतं, ते घरच्यांनाच ठाऊक.

शेवटी वायरमनला बोलावलं. त्यांनी बेलच्या बटणावरूनच एक फाटा काढून स्वयंपाकघरात ओट्यासमोर लाल बल्ब बसवला आणि बेलच्या वायरला वेगळा स्विच दिला. नऊ वाजता स्विच बंद करते. बाहेर कोणी बटण दाबलं की आवाज नाही, समोरच्या पांढऱ्या टाइल्सवर लाल उजेड पडतो. बटण सोडलं की बल्ब विझतो, त्यामुळे मी आतल्या खोलीत असले तर कळत नाही, एवढी एक उणीव आहे. वायरच्या बेलला २३० व्होल्ट असतात, म्हणून स्वतः खटपट करू नका. घरात ऐकू कमी येणारं कोणी असेल तर हा बल्ब जरूर लावून घ्या.

फोनचं म्हणाल तर १९०९ वर 'स्टार्ट ०' असा एसएमएस पाठवून डीएनडी, म्हणजे जाहिरातींचे फोन थांबवायची सोय, चालू करा. जाहिरातींसाठी १४० आणि बँकांच्या कामाच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारे नंबर ठरवून दिलेत. साध्या दहा आकडी नंबरवरून कोणी 'बँकेतून बोलतोय' म्हणालं की मी फोन ठेवते.

चार्जरवरून होणारी भांडणं डबेवाल्यांमुळे मिटली. डब्याच्या झाकणावरचे रंग आणि आकडे बघून ते सव्वाशे वर्षांहून जास्त काळ हजारो डबे बरोबर पोचवतायत. आमच्याकडे तर चारच चार्जर! प्रत्येकाच्या पिनेवर वेगळ्या रंगाच्या नेलपॉलिशचा ठिपका दिला.

आणि पावसाळ्यात फुगणारं लाकडी दार. ते धाडकन ओढावं लागायचं, त्यानेही हे उठायचेच. सुताराकडून रंधा मारून घेऊ नका, उन्हाळ्यात लाकूड आटलं की फट पडते. मी जूनमध्येच दाराच्या कडेला आणि चौकटीला साधी मेणबत्ती घासते, गणपतीत परत एकदा. दार अलगद लागतं.