लाइक भरपूर, ऑर्डरी तीन!

प्रश्न : मी निलंगा तालुक्यातली. दिवाळीनंतर घरगुती पदार्थांचं ऑनलाइन दुकान सुरू केलं. येसर (आमटीसाठीचं भाजक्या धान्य-मसाल्याचं पीठ), काळा मसाला, कुरडया, सांडगे, तूरडाळ, चिंच असे 26 प्रकार साइटवर आहेत. साइट पुतण्यानं छान करून दिली. फेसबुकवर 5 हजारांची जाहिरात केली. लाइक भरपूर आले, लोक साइटवर येऊन बघूनही गेले, पण ऑर्डरी आल्या 3, त्याही नात्यातल्याच. नवरा म्हणतो, बंद कर. पहिली गिऱ्हाइकं आणायची कुठून?
– एक वाचक, ता. निलंगा

उत्तर : ताई, नात्यातल्या ऑर्डरी म्हणून नाक मुरडू नका. तो माल गेला कुठं, ते आधी सांगा. पुण्याला? मग त्या पाहुण्यांच्या सोसायटीत लातूर-नांदेडकडची आणखी किती घरं आहेत, याची चौकशी केली का? माझ्या मते तुमचं पहिलं गिऱ्हाईक तिथंच बसलेलं आहे आणि त्याला गाठायला जाहिरातीचा रुपया लागत नाही.

असं बघा. फेसबुकवर पोस्ट ‘बूस्ट’ केली, म्हणजे पैसे भरून पुढं ढकलली, की ती बहुतेक करून लाइक ठोकणाऱ्यांपुढंच फिरते. त्यात ठाण्याच्या एखाद्या बाईला तपकिरी पिठाचा फोटो दिसतो, खाली लिहिलेलं ‘येसर’. तिला कळत नाही हे पीठ आहे की मसाला, भाकरी करायची की आमटी. ती लाइक देते आणि पुढं सरकते. तेच वाकड किंवा हिंजवडीत राहणाऱ्या अहमदपूरच्या सुनेला काही समजावून सांगावं लागत नाही. लग्नाच्या पंगतीतली येसराची आमटी तिच्या जिभेवर आहे. तिला फक्त कळायला पाहिजे की हे घरबसल्या मिळतं.

तेव्हा वही घ्या आणि ओळखीतली, बाहेरगावी गेलेली माणसं एकेक करून लिहून काढा. शाळेतल्या मैत्रिणी, भावाचे मित्र, गल्लीतली शिकायला गेलेली पोरं. शंभर जणांना एकच मेसेज फॉरवर्ड करू नका, तो कुणी वाचत नाही. एकीलाच लिहा, ‘वहिनी, काल येसर दळून आणलाय, पाव किलो पाठवू का?’ याला उत्तर येतंच, नको असलं तरी येतं. माल पोचल्यावर चार दिवसांनी फोन करून आमटी कशी झाली ते विचारा, आणि तिच्या परवानगीनं तिच्याच घरच्या पातेल्याचा फोटो साइटवर टाका.

आमचं अंबाजोगाईचं दुकानही असंच उभं राहिलं. पहिली परकी ऑर्डर पिंपरीजवळच्या चिखलीतल्या, मूळच्या केजच्या बाईची. पैसे पाठवायच्या आधी तिनं विचारलं, ‘यात कांदा-लसूण आहे का?’ तो प्रश्न उत्तरासकट मी साइटवर चढवला. आमच्या साइटवरचं निम्मं लिखाण असंच गिऱ्हाइकांनी लिहून घेतलेलं आहे.

आता तुमची साइट. उघडून बघितली. दिसायला झकास आहे, पुतण्याला शाबासकी द्या. पण येसराचा फोटो इंटरनेटवरून उचललेला वाटतो, असली पितळी वाटी आपल्याकडं कुणाच्या घरात असते हो? ‘आमच्याबद्दल’मध्ये ‘ग्राहकांचं समाधान हेच आमचं ध्येय’ आहे, पण गावाचं नाव, पत्ता, फोन काहीच नाही. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे पत्ता, संपर्क आणि तक्रार ऐकणाऱ्या माणसाचं नाव साइटवर लागतंच. पाकिटावर अन्न परवान्याचा 14 आकडी नंबरही हवा. आणि पोस्टेजचे 90 रुपये तुम्ही अगदी शेवटच्या पानावर दाखवता. तिथं येऊन माणूस पळतो. ते किमतीतच धरा, नाहीतर पहिल्याच पानावर सांगा.

26 प्रकारांतले सध्या तीन-चारच पुढं ठेवा. कुरडया तर मुळीच नकोत. वजनाला हलक्या असतात म्हणून आपण फसतो, पण कुरिअरवाले खोक्याचं मापही धरतात. सेंटिमीटरमध्ये लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार करून बहुतेक जण 5000 नं भागतात. 40 बाय 30 बाय 25 चं खोकं म्हणजे 6 किलोचं भाडं, आत कुरडया दीड किलो, आणि पोचेपर्यंत निम्म्यांचा चुरा. येसराचं तसं नाही. दर बहुधा अर्ध्या किलोच्या टप्प्यानं असतात, म्हणून पाकीट 400 ग्रॅमचं करा, खोक्यासकट 500 च्या आत बसतं. पुण्याच्या चार-पाच ऑर्डरी एकदम आल्या तर रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं एकच पार्सल टाका आणि तिथल्या पाहुण्याला वाटायला सांगा. आपल्याकडं डबे, औषधं, कागदपत्रं सगळं असंच जातं की.

कॅश ऑन डिलिव्हरी सुरुवातीला बंद ठेवा. दार उघडलं नाही की पार्सल परत येतं आणि जाण्या-येण्याचं दोन्ही भाडं तुमच्या बोकांडी. ओळखीतून आलेलं गिऱ्हाईक आधी पैसे पाठवायला कुरकुरत नाही.

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, ध्यानात ठेवा. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला ज्यांना गावी येणं जमत नाही, त्यांचा जीव भज्जी (डाळी-दाणे आणि भाज्यांची मिसळ भाजी) आणि आंबिलीसाठी नुसता तुटत असतो. भज्जीला लागणाऱ्या डाळी-दाण्यांचं पाकीट पंधरा दिवस आधी विकायला काढा, सोबत तुमच्या सासूबाईंची कृती कागदावर छापून. जाहिरात करायचीच असली तर त्या पंधरवड्यात, फक्त पुणे-पिंपरीपुरती आणि ‘मेसेज पाठवा’ हा पर्याय निवडून.

जीएसटी नोंदणी नसेल तर पॅकबंद मसाला साइटवरून परराज्यात पाठवू नका. राज्यातल्या राज्यात माल विकताना वर्षाच्या 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत ती लागत नाही. म्हणजे तुम्हाला कर्नाटकातलं भालकी-बिदर शेजारी असूनही पुणंच सोयीचं.

राहिली डाळ आणि चिंच. बोरसुरीची तूरडाळ आणि पानचिंचोलीची पटडी चिंच, दोन्ही तुमच्याच तालुक्यातल्या आणि दोन्हींना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन (ते नाव फक्त त्याच भागातल्या मालाला वापरायचा हक्क) मिळालेलं. तुमचा माल खरोखर तिथला असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घ्या. तोवर पाकिटावर मानांकनाचं चिन्ह छापू नका. डाळ कुठल्या शिवारातली, कोणत्या महिन्यात भरडली, एवढं लिहिलं तरी पुरे.