विवाहपूर्व समुपदेशनात जोडप्याने पत्रिका पुढे केल्या, तर समुपदेशकाने काय करावं?

आधी दोघांची संमती घ्या, वेगवेगळी आणि लेखी. एकाचाच आग्रह असेल तर पत्रिका बाजूला ठेवा. फीमध्ये ज्योतिषाचा भाग धरू नका आणि गुणमेलनाला मानसशास्त्रीय चाचणीचा आधार नाही, हे पहिल्याच भेटीत सांगा.

गुण कसे बनतात, तेही दाखवा. वर्ण 1, वश्य 2, तारा 3, योनी 4, ग्रहमैत्री 5, गण 6, राशीकूट 7, नाडी 8, एकूण 36. हे सगळं फक्त जन्मवेळच्या चंद्राच्या राशी-नक्षत्रावरून निघतं. चंद्र नक्षत्राच्या सीमेवर असेल, तर जन्मवेळेतल्या थोड्या चुकीनेही आकडा बदलतो. एकनाड असली, म्हणजे दोघांची नाडी एकच निघाली, की नाडीचे 8 गुण शून्य होतात; मग बाकी सगळं जुळूनही 28च्या वर जाता येत नाही, आणि 28 गुणांची स्थळंही त्यापायी मोडतात! एकनाडीमुळे संततीची काळजी वाटत असेल तर दोघांची थॅलेसेमिया वाहक तपासणी (एचबीए२ ही रक्तचाचणी) करायला सांगा. नाडीतून ते कळत नाही.

पत्रिकेचा खरा उपयोग बोलणं सुरू करायला होतो. ‘मंगळ आहे म्हणून ती रागीट’ असं कोणी म्हणालं, तर विचारा, ‘शेवटचं भांडण कशावरून झालं? आधी गप्प कोण बसलं?’ इथून पुढे ग्रह मागे पडतात.

मारहाण, धमकी, पैशांची अडवणूक दिसली तर पत्रिका लगेच बंद करा. ‘साडेसाती संपेपर्यंत सोस’ हा सल्ला घातक आहे. त्या मुलीशी एकटीशी बोला आणि 181 ही महिला हेल्पलाइन सांगा.