सेव्ह करताना व्हीएस कोड अडकतो, मराठी अक्षरांना चौकटी येतात – कोणती एक्स्टेंशन्स काढू?

प्रश्न थोडक्यात असा: गंगापूर रोडवरच्या कॉलेजातल्या दोघांचा प्रकल्प, लासलगावच्या कांद्याचे रोजचे भाव पायथनने वाचणारा. ८ जीबी रॅमचा लॅपटॉप, व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरात ४३ एक्स्टेंशन्स (वरून बसवलेली जोड-साधनं). सेव्ह केलं की एडिटर दोन-तीन सेकंद अडकतो. जोडीदाराकडून कोड आला की हात न लावलेल्या ओळीही गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनात) बदललेल्या दिसतात. आणि भावांच्या फाइलमधल्या मराठी अक्षरांभोवती चौकटी येतात. शिवाय मराठी स्तंभ सरळ रेषेत आणणारं एक्स्टेंशन हवंय, ‘शेतकऱ्यांना’ शोधताना अर्ध्या नोंदी सापडत नाहीत, आणि अंबडच्या वर्कशॉपमधल्या नेट नसलेल्या पीसीवरही एक्स्टेंशन्स न्यायची आहेत.

४३ हा आकडा आधी बाजूला ठेवा. बसवलेलं एक्स्टेंशन गरज पडेपर्यंत डिस्कवर झोपून असतं. पायथनची फाइल उघडली, फोल्डरमध्ये ठरावीक फाइल सापडली, एखादी कमांड दिली, की मग ते जागं होतं. त्रास देतात ती दोन प्रकारची: एडिटर उघडताच विनाकारण जागी होणारी, आणि एकाच कामावर दोघं-दोघं बसलेली. तुमच्याकडे दुसरा प्रकार नक्की आहे.

चौकटींचं कारण एक्स्टेंशन नसावं. जोडीदाराने पाठवलेली झिप उघडताना ‘या फोल्डरवर विश्वास आहे का’ असं एडिटरने विचारलं असेल आणि तुम्ही नाही म्हणाला असाल. त्यानंतर फोल्डर रिस्ट्रिक्टेड मोडमध्ये उघडतो. त्या मोडमध्ये इंग्रजीच्या मूळ संचाबाहेरचं प्रत्येक अक्षर संशयित म्हणून चौकटीत दाखवलं जातं, म्हणजे अख्खी मराठी. शिवाय बरीच एक्स्टेंशन्स बंद किंवा अर्धवट चालतात. कमांड पॅलेट उघडून (कंट्रोल-शिफ्ट-पी) ‘मॅनेज वर्कस्पेस ट्रस्ट’ टाइप करा आणि फोल्डर विश्वासू ठरवा. कोड खरोखर ओळखीच्या माणसाचा असेल तरच हे करा, कारण एक्स्टेंशन्सना वेगळं कुंपण नसतं. तुमच्या खात्याला जे करता येतं ते सगळं त्यांनाही करता येतं.

आता सेव्हचं दुखणं. सेव्ह करताना खाली उजवीकडे ‘रनिंग अमुक फॉरमॅटर’ अशी सूचना येते. तेवढं नाव वाचलं तरी निम्मा तपास होतो. फॉरमॅटर म्हणजे कोडची मांडणी आपोआप नीट करणारं साधन. तुमच्या यादीत ब्लॅक आणि ऑटोपेप८ हे दोन्ही फॉरमॅटर आहेत. एडिटर दोन्ही एकदम चालवत नाही, ठरवून दिलेला एकच चालवतो. तुमच्याकडे ब्लॅक ठरलेला आणि जोडीदाराकडे ऑटोपेप८, असं असलं की गंमत सुरू होते. ब्लॅकची ओळ ८८ अक्षरांपर्यंत जाते, ऑटोपेप८ची ७९. त्यामुळे ८० ते ८८ च्या मधली ओळ तो तोडतो आणि तुमचा ब्लॅक ती पुन्हा जोडतो. शिवाय ब्लॅक एकेरी अवतरणचिन्हं दुहेरी करतो, ऑटोपेप८ त्यांना हात लावत नाही. गिटमधला गोंधळ हाच.

दोघांनी मिळून एक निवडा. माझं मत ब्लॅकला, कारण त्यात ठरवण्यासारखं फारसं काही ठेवलेलंच नाही, म्हणून वादही होत नाही. एक्स्टेंशनच्या गिअरवर क्लिक करून ‘कॉपी एक्स्टेंशन आयडी’ घ्या. मग प्रकल्पातल्या ‘डॉट व्हीएसकोड’ फोल्डरमधल्या सेटिंग्ज फाइलमध्ये पायथनपुरता डीफॉल्ट फॉरमॅटर म्हणून तो लिहा, ‘फॉरमॅट ऑन सेव्ह’ही तिथेच चालू करा. ही फाइल गिटमध्ये टाकायला विसरू नका. वर्कस्पेसची सेटिंग यूजर सेटिंगवर मात करते, त्यामुळे जोडीदाराच्या मशीनवरही ब्लॅक बसवलेला असला की तेच चालेल. वेब पानांसाठी प्रेटियर (मांडणी करणारा) आणि ईएसलिंट (कोडमधल्या चुका दाखवणारा) एकत्र असतील तर ईएसलिंटचे मांडणीचे नियम बंद करा. नाहीतर एक मोडेल आणि दुसरा जोडेल.

एवढ्यानंतरही अडकत असेल तर ‘शो रनिंग एक्स्टेंशन्स’ ही कमांड द्या. कोण जागं आहे आणि जागं व्हायला किती मिलिसेकंद लागली ते दिसतं. तिथेही चोर सापडला नाही तर ‘स्टार्ट एक्स्टेंशन बायसेक्ट’. ते निम्मी एक्स्टेंशन्स बंद करून विचारतं, त्रास गेला का? मग उरलेल्यातली निम्मी. ४३ मधून एक शोधायला साधारण सहा फेऱ्या. पण त्रास दोघांच्या भांडणाचा असेल तर बायसेक्ट त्यातल्या एकावरच बोट ठेवतं, दुसरा तुम्हीच ओळखायचा. आणि सगळी बंद असतानाही अडकत असेल तर यादीला दोष देऊ नका, उघडलेला फोल्डर पाहा. बऱ्याच जणांनी अख्खा डी ड्राइव्ह उघडलेला असतो आणि एडिटर बिचारा त्यातल्या सगळ्या फाइल्सवर नजर ठेवत बसतो. फक्त प्रकल्पाचा फोल्डर उघडा.

काढून टाकायचीच तर कंस रंगवणारं काढा. २०२१ पासून ती सोय एडिटरमध्येच आहे. सेटिंग्ज दुसऱ्या मशीनवर नेणारंही नको, तेही आता आतच आहे. थीम कितीही ठेवा, एका वेळी एकच चालते. जावा, सी आणि वेबची एक्स्टेंशन्स वेगवेगळ्या प्रोफाइलमध्ये (एडिटरमधल्या एक्स्टेंशन्सच्या स्वतंत्र संचांत) टाका म्हणजे पायथन लिहिताना ती आड येणार नाहीत.

मराठी स्तंभ सरळ रेषेत आणणारं एक्स्टेंशन तुम्ही विचारलंय. तो नाद सोडा. ‘कांदा’ डोळ्याला दोन अक्षरं, संगणकाला पाच: क, काना, अनुस्वार, द, काना. एक्स्टेंशन पाच मोजून जागा सोडतं आणि रांग वाकडी होते. फॉन्ट फॅमिलीत इंग्रजी मोनो फॉन्टनंतर नोटो सान्स देवनागरी लिहा. अक्षरं नीट दिसतील, रांगेची अपेक्षा ठेवू नका.

‘शेतकऱ्यांना’ हा शब्द शोधला तर अर्ध्या नोंदी सापडत नाहीत, यातही शोधणाऱ्या एक्स्टेंशनची चूक नाही. हा अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो: नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि पुढे न दिसणारा जोडक, युनिकोड क्रमांक २००डी. दिसायला सारखे, शोधायला वेगळे. फाइंडमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन (नमुन्याने शोधायची सोय) चालू करून ‘र्’ नंतर बॅकस्लॅश-यू-२००डी शोधा आणि जागी ‘ऱ्’ टाका. जोडक एकटा शोधून सरसकट उडवू नका. तो इतर जोडाक्षरांतही मुद्दाम घातलेला असतो.

अंबडच्या वर्कशॉपमधल्या नेट नसलेल्या पीसीसाठी: एक्स्टेंशनवर राइट क्लिक, ‘डाउनलोड व्हीएसआयएक्स’ (व्हीएसआयएक्स म्हणजे एक्स्टेंशनची फाइल), पेन ड्राइव्ह, आणि तिकडे ‘इन्स्टॉल फ्रॉम व्हीएसआयएक्स’. तिथला एडिटर जुना असेल तर नवं एक्स्टेंशन बसायला नकार देतं, तेव्हा जुनी आवृत्ती घ्या. आत बायनरी (ठरावीक यंत्रणेसाठी तयार केलेला प्रोग्राम) असलेली एक्स्टेंशन्स विंडोज आणि लिनक्ससाठी वेगळी असतात, त्या पीसीला चालेल तीच फाइल न्या. आणि एक्स्टेंशन पॅक (अनेक एक्स्टेंशन्सचा गठ्ठा) घेत असाल तर त्यातलं प्रत्येक एक्स्टेंशन वेगळं उतरवा. पॅकच्या फाइलमध्ये नुसती यादी असते.